बघे आणि राखणदार

मुंबईत बघ्यांची वानवा कधीच नव्हती. लालबागला रस्त्यात खड्डा खणायला घेतला की खणणारे दोन आणि डोकावणारे वीस! पण या फुकटच्या छंदाला राष्ट्रकार्याचा दर्जा देण्याचा मान टेक्सासकडे जातो. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे मेक्सिकोच्या सरहद्दीवरचे कॅमेरे 'ब्लूसर्व्हो' नावाच्या संकेतस्थळावर साऱ्या जगाला खुले झाले. घरबसल्या सरहद्द बघा, कोणी चोरून येताना दिसला की शेरीफसाहेबांना वर्दी द्या! सरकारी अनुदान वीस लाख डॉलर. लाखाच्या वर लोकांनी नावे नोंदवली. ऑस्ट्रेलियातल्या गुत्त्यात बसूनही पहारा चालल्याच्या बातम्या आल्या. पकडले गेले ते मात्र मूठभर. साहजिकच आहे. त्या काठावर घरचा कोण आणि परका कोण, हे गुत्त्यातल्या मंडळींना काय कपाळ कळणार?

योगायोग असा, की त्याच महिन्याच्या २६ तारखेला रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी दहा जण रबरी होडीतून उतरले. कोळी मंडळींनी त्यांना पाहिले, कोण, कुठले म्हणून हटकलेसुद्धा. 'तुमचं तुम्ही बघा' अशा थाटाचे उत्तर मिळाले. पोलिसांना कळवले गेले, पण त्याची दखल घ्यावी तशी घेतली गेली नाही. पुढचे सांगायला नको. त्या रात्री डोळे कमी पडले नव्हते. कान कमी पडले.

कॅश काउंटरवर बसणाऱ्याला हे चटकन पटते. हजारो खऱ्या नोटा हातांखालून गेलेल्या असतात, म्हणून खोटी नोट बोटाला कळते. कोळ्याला शंभर होड्या ओळखीच्या, म्हणून एकशेएकावी खटकते. पण खटकलेली नोट आत नेल्यावर साहेब 'उद्या बघू' म्हणाले, तर बोटाने करावे काय?

उलट १८ ऑगस्ट २०२२ चे पाहा. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ बेवारशी बोट आली. गावकऱ्यांनी पाहिली, पोलिसांना कळवले, पोलीस धावले. आत तीन एके-४७ निघाल्या! घातपाताचा काही भाग नव्हता. खलाशांनी ती मस्कतजवळ भर समुद्रात सोडली होती. मालकीण निघाली ऑस्ट्रेलियाची. म्हणजे ऑस्ट्रेलिया टेक्सासवर नजर ठेवून, आणि तिची बोट सांभाळतोय आमचा हरिहरेश्वर!

२६/११ नंतर किनाऱ्यासाठी १०९३ हा फोन नंबर आला, ही खरी कामाची गोष्ट. उद्या कोणी गिरगाव चौपाटीवर कॅमेरे लावून नागरिकांना पहाऱ्याला बोलावणार असेल, तर खुशाल बोलवा. फक्त फोन उचलणारा एक माणूस आधी नेमा. बघे आम्ही पुरवू.