पातकाची संहिता आणि शुद्धीचा अधिकार

पाप आणि दंड यांच्या कल्पनांचा उपयोग धर्मसंस्था भय निर्माण करण्यासाठी करते, हे विधान आता इतके परिचित झाले आहे की त्यातून फारसे काही हाती लागत नाही. नरकाचे भय न वाटणारेही धर्मपीठाच्या निर्णयापुढे मान तुकवतात. तेव्हा या सत्तेचे मूळ भयापेक्षा निर्णयाच्या अधिकारात शोधायला हवे. पाप कोणते, त्याला दंड कोणता आणि ते फिटले केव्हा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पीठाने द्यायची, अशी ही रचना आहे. त्यांपैकी तिसरे उत्तर सर्वांत प्रभावी ठरते, कारण समाजात परतण्याची वाट त्यातूनच जाते.

याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे. पातकांची उतरंड, कृच्छ्र-चांद्रायणादी व्रते, आणि पातक्याने परिषदेपुढे जाऊन स्वमुखाने दोष सांगावा हा धर्मशास्त्रीय दंडक, यांतून एक काटेकोर चिन्हव्यवस्था उभी राहते. व्रत झेपत नसेल तर प्रत्याम्नायाची सोय आहे : गोदान, अथवा गाईचे मूल्य. याला निव्वळ लोभ म्हणणे उथळपणाचे होईल. दुबळ्या देहाला सवलत हाही हेतू त्यामागे दिसतो. परंतु सवलत देणारा हात दोष ठरवणाराच असतो, आणि पाप मूल्यात मोजता येऊ लागले की त्याचा पीडिताशी असलेला संबंध क्षीण होतो.

पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापान प्रकरणाकडे या दृष्टीने पाहता येते. तेथे कोणाचीही हानी झाली नव्हती. ओलांडली गेली होती ती केवळ एक सीमा. तरीही वाद शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेला. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचे लोकमान्य टिळकांनी सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. इंग्रजी राज्यात न्यायदान करणारा विद्वानही जातीच्या न्यायासनापुढे आरोपीच ठरतो. रानड्यांना चहा पिण्यात पाप वाटत होते असे कोणी म्हणणार नाही. आप्तमित्रांची कोंडी मात्र खरी होती. विश्वास उरला नाही तरी विधी आपले काम करत राहतो, हे या प्रसंगाचे मर्म आहे.

कोल्हापुरात हीच रचना अधिक उघडी पडली. १८९९ च्या सुमारास सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात दोष कोणत्याही कृतीचा नव्हता. छत्रपतींचा जन्मच मंत्राला अपात्र ठरवण्यात आला होता. कृतीच्या पापाला प्रायश्चित्त असते. जन्माच्या उणिवेला ते कोठून आणणार? शाहू महाराजांनी १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन जप्त केले. म्हणजे दंडाला दंडाने उत्तर मिळाले. पुढे १९२० मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले, ते पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात. कोल्हापूरहून बिद्रीवरून गारगोटीकडे जाणाऱ्या वाटेवर, आणखी पुढे डोंगरात हे गाव आहे. ज्या सत्पुरुषाची ओळखच मौन ही, त्याच्या गादीला धर्मनिर्णयाची वाणी लाभावी, यात एक अर्थपूर्ण विसंगती आहे. या कृतीचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे, कारण ब्राह्मण्याची मक्तेदारी तिने नाकारली. तथापि समीक्षकाने विचारायला हवे : पीठावरील व्यक्ती बदलली, पण पीठाचे व्याकरण बदलले काय?

या प्रश्नाचे उत्तर महात्मा फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त, विशेषतः त्याच्या रूपबंधात, शोधता येते. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ प्रश्नोत्तरांनी घडला आहे. 'निर्णयसिंधू', 'धर्मसिंधू' ही निबंधग्रंथांची नावेच त्यांची भूमिका सांगतात : तेथे मतांतरांची चर्चा असली तरी शेवट निर्णयात होतो, आणि ज्याच्याविषयी तो द्यायचा तो बोलत नाही. फुल्यांकडे तो विचारतो. पाप म्हणजे काय हेही विचारले जाते, आणि उत्तराचा रोख माणसाने माणसाला दिलेल्या पीडेकडे वळतो. पीडित पुन्हा केंद्रस्थानी येताच मूल्य घेऊन शुद्ध करणारा मध्यस्थ अनावश्यक ठरतो. ग्रंथातही उत्तरे देणारा एक अधिकारी स्वर आहे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो स्वर शुद्धिपत्र देत नाही, हा फरक मूलगामी होय.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतींचे दंड आणि वाळीत टाकण्याचे प्रकार इतक्या उशिरापर्यंत टिकून होते, याचीच ही कबुली. कायदा बहिष्कार घालणाऱ्याला शिक्षा करू शकतो. 'मला पुन्हा आत घ्या' ही बहिष्कृताची आर्त याचना तो मिटवू शकत नाही. धर्मसंस्थेची खरी सत्ता त्या याचनेत वसते. ती ज्या भाषेत केली जाते, त्या भाषेची चिकित्सा म्हणूनच साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरची मानता येत नाही.