दासांची आत्मचरित्रे

अन्यायाविषयी लिहिलेल्या पुस्तकांचे दोन प्रकार संभवतात. एक, तो अन्याय पाहून ज्याचे अंतःकरण द्रवले अशा परक्याने लिहिलेले. आणि दुसरा, ज्याच्या पाठीवर तो उमटला त्याने स्वतः लिहिलेले. अमेरिकेतील गुलामगिरीविषयी आमच्या सुशिक्षित कुटुंबांना जो परिचय आहे, तो बहुतांशी पहिल्या प्रकारच्या एका पुस्तकावरून झालेला आहे. हॅरिएट बीचर स्टो ह्यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी आम्ही विद्यार्थिदशेत वाचली आणि टॉमच्या मृत्यूच्या प्रसंगी अश्रूही ढाळले. दुसऱ्या प्रकारची पुस्तके आमच्या हाती पुष्कळ उशिरा आली. ती वाचल्यावर त्या पहिल्या अश्रूंविषयी मनात जी शंका उत्पन्न झाली, ती आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम स्टोबाईंच्या पदरी त्यांचे श्रेय घातलेच पाहिजे. पळून आलेल्या गुलामास मुक्त राज्यांतूनही धरून परत पाठवावे, असा कठोर कायदा १८५० साली झाला. त्याने व्यथित होऊन त्यांनी ही कथा लिहिली. १८५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि एका वर्षात अमेरिकेतच तिच्या सुमारे तीन लक्ष प्रती खपल्या. इतका लोकक्षोभ उत्पन्न करणाऱ्या कादंबऱ्या जगात थोड्याच असतील. तथापि कथेची घडण पाहावी. टॉमची थोरवी त्याच्या सोशिकपणात आहे. फटक्यांखाली प्राण सोडतानाही तो मारणाऱ्यांस क्षमाच करतो. उलटपक्षी, ज्याच्या अंगी प्रतिकाराचे पाणी आहे त्या जॉर्ज हॅरिसला लेखिका अखेरीस आफ्रिकेतील लायबेरियात पाठवून देतात. कष्टी गुलामाकरिता त्यांच्या हृदयात जागा होती. स्वाभिमानी कृष्णवर्णीय नागरिकाकरिता त्यांना आपल्या देशात जागा सापडली नाही. वाचक रडतो, आणि आपले मन किती कोमल आहे ह्या समाधानात पुस्तक मिटतो.

ह्या कादंबरीपूर्वी सात वर्षे, म्हणजे १८४५ साली, फ्रेडरिक डग्लस ह्यांचे छोटेखानी आत्मवृत्त प्रसिद्ध झाले होते. डग्लस मेरीलँड प्रांतात १८१८ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोर येथील धनिणीने त्यांना मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. तिच्या पतीने तिला मना केले आणि अक्षरओळख झालेला गुलाम गुलामीस निकामी होतो असे बजावले. लहानग्या डग्लसने ते ऐकले आणि धन्याला ज्याची एवढी धास्ती वाटते तोच आपला सुटकेचा मार्ग, हे जाणले. हा प्रसंग लिहिताना त्यांनी स्वतःची कीव केलेली नाही. धन्याच्या वाक्याचा अर्थ उलगडून दाखविला आहे. पुढे सोळाव्या वर्षी, गुलामांची रग जिरविण्याबद्दल ख्यातनाम असलेल्या कोव्ही नामक शेतकऱ्याशी त्यांची झटापट झाली. तेथेही वर्णन बेताचे आणि विवेचन सखोल आहे. गुलामांची गाणी ऐकून ते सुखी असावेत असे परक्यांस वाटे. ती गाणी दुःखातून उपजतात, हे त्यांनी ज्या शांतपणे सांगितले आहे, त्यापुढे कादंबरीतील पानेच्या पाने फिकी पडतात.

ह्या पुस्तकातील मौनही तितकेच बोलके आहे. १८३८ साली आपण निसटलो कसे, हे डग्लस सांगत नाहीत; कारण सांगितले असते तर मागून येणाऱ्यांची वाट बुजली असती. ती हकीकत त्यांनी गुलामगिरी नष्ट झाल्यावर, १८८१ च्या आत्मचरित्रात दिली. उलट, धन्यांची नावे व गावे मात्र त्यांनी निर्भयपणे छापली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचे भय उत्पन्न होऊन त्यांना आयर्लंड-इंग्लंडकडे जावे लागले. काय लपवावे आणि काय उघड करावे, हा निर्णय येथे शैलीचाही आहे आणि प्राणांचाही.

असे असूनही ह्या पुस्तकास दोन गोऱ्या गृहस्थांची साक्ष जोडावी लागली. विल्यम लॉइड गॅरिसन ह्यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स ह्यांचे पत्र आरंभी छापले आहे. हे दोघे गुलामगिरीचे कट्टर वैरी. त्यांच्या हेतूविषयी संशय नको. परंतु हे लेखन खरे आहे व ते ह्याच मनुष्याने केले आहे, अशी ग्वाही दुसऱ्याने दिल्यावाचून वाचकवर्ग विश्वास ठेवण्यास तयार नव्हता. डग्लस पुढे लिहितात की, व्यासपीठावर तुम्ही केवळ घडलेली हकीकत सांगावी, तत्त्वचर्चा आम्ही पाहून घेऊ, असे त्यांचे सहकारीच त्यांना सुचवीत. ज्याने भोगले त्याने अश्रू पुरवावेत आणि विचार मात्र इतरांनी करावा, अशी ही वाटणी होती! डग्लस ह्यांनी ती मानली नाही. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्राची प्रस्तावना त्यांनी डॉ. जेम्स मक्यून स्मिथ ह्या कृष्णवर्णीय वैद्याकडून लिहविली.

हॅरिएट जेकब्ज ह्यांची कहाणी याहून बोधप्रद आहे. धन्याच्या पापवासनेतून सुटण्यासाठी ही स्त्री आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट, अशी ती जागा होती. १८४२ साली ती उत्तरेकडे निसटली. पुढे आपली कहाणी जगापुढे यावी म्हणून तिने स्टोबाईंचे साहाय्य इच्छिले. स्टोबाईंनी ती हकीकत खरी की खोटी, याची विचारणा ती जेथे नोकरीस होती त्या घरच्या मालकिणीकडे केली आणि ती आपल्याच पुस्तकात घालण्याचा मानस दर्शविला. जेकब्जबाई दुखावल्या आणि त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. १८६१ साली टोपणनावाने निघालेले ते पुस्तक पुढे कित्येक दशके विद्वानांनी कल्पित कथा मानले. ते संपादिकेने, म्हणजे लिडिया मारिया चाइल्ड ह्यांनीच रचले असावे, असाही समज होता. अखेर जीन फॅगन येलिन ह्या विदुषींनी पत्रव्यवहार धुंडाळून १९८७ च्या आवृत्तीत त्याचे सत्यत्व सिद्ध केले. सव्वाशे वर्षे एका स्त्रीचे आयुष्य कादंबरी ठरले होते!

ही पुस्तके दस्तऐवज होत, साहित्य नव्हेत, असे कोणी म्हणतील. आम्हांस हा भेद येथे लागू पडतो असे वाटत नाही. निवड, संयम, आणि अनुभवाचा अर्थ लावण्याची शक्ती हीच जर साहित्याची लक्षणे असतील, तर डग्लस ह्यांच्या गद्यात ती स्टोबाईंच्या कथेपेक्षा अधिक आढळतात. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी गेली, परंतु मर्जी पालटताच कृष्णवर्णीयांचे मताधिकार दक्षिणेत हिरावले गेले आणि १९६५ च्या कायद्यापर्यंत त्यांना त्यासाठी झगडावे लागले. हक्काची भाषा डग्लस ह्यांनी आधीच शिकविली होती. ती ऐकणारे थोडे होते.

ह्या विषयाचा आमच्या महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. पण जोतीराव आभार मानून थांबले नाहीत. धोंडिबाशी केलेल्या संवादातून त्यांनी इतिहासाचा अर्थ स्वतः लावला. पुढे १९७८ साली दया पवार ह्यांचे 'बलुतं' आले, तेव्हा हे साहित्य की दस्तऐवज, असा प्रश्न येथेही निघाला. आणि आम्ही स्वतः, तरुण अध्यापक असताना, तोच प्रश्न वर्गात मोठ्या ऐटीने विचारला होता. मागील बाकावरील एका विद्यार्थ्याने उलट विचारले, "सर, हा प्रश्न आपण इतर आत्मचरित्रांविषयी का विचारीत नाही?" त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. डग्लस आणि जेकब्ज वाचल्यावर कळले की तो प्रश्न वाङ्मयाचा नव्हताच. साक्षीदारावर विश्वास ठेवण्याआधी प्रतिष्ठितांची चिठ्ठी मागण्याची ती जुनीच सवय होती.