अपराधभाव आणि समूह : ‘होळी’चा एक विचार

हुआन आन्तोनिओ बार्देम या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या ‘सायकलस्वाराचा मृत्यू’ (१९५५) या चित्रपटातील प्रेमी युगुल मोटारीने एका सायकलस्वाराला उडवते. तो जिवंत आहे हे कळूनही, विवाहबाह्य संबंध उघड होण्याच्या भयाने, त्याला तसेच टाकून निघून जाते. यातील नायक हुआन विद्यापीठात अध्यापक आहे. त्या मृत्यूची बातमी वाचताना फळ्यापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीवर त्याच्याकडून अन्याय होतो. आणि तिच्यासाठी एकत्र आलेल्या विद्यार्थ्यांची निदर्शने पाहून त्याचा कबुलीचा निश्चय पक्का होतो. समूह येथे विवेकाला जाग आणतो.

यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे १९३९ मध्ये जन्मलेल्या महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’ या एकांकिकेत, आणि तिच्यावर आधारलेल्या केतन मेहता यांच्या हिंदी चित्रपटात (१९८४), समूहाचे कार्य नेमके उलट आहे. सणाची सुट्टी नाकारली गेल्याने खवळलेली वसतिगृहातील मुले, प्राचार्यांना नावे सांगणाऱ्या आनंदची निर्दय विटंबना करतात आणि तो आत्महत्या करतो. शिक्षणव्यवस्थेच्या अधोगतीचे चित्रण म्हणून या कलाकृतीकडे पाहण्याची रूढी आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. व्यवस्थेला आरोपी केले की मुलांची सुटका आपोआप होते, आणि वाचकाचीही.

‘होळी’ हे शीर्षक केवळ कालनिर्देशक नाही. शिमग्यात शिवीला मुभा असते. त्या दिवशीच्या वागण्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मागायचा नाही, असा लोकव्यवहारातील अलिखित करार आहे. एलकुंचवारांची मुले क्रौर्यालाही हाच करार लागू करतात. प्रत्येक जण थोडेसेच करतो, म्हणून कोणीच काही केलेले नसते. चित्रपटाची शैली या आशयाशी सुसंगत आहे. दीर्घ, अखंड चित्रणखंडांतून कॅमेरा घोळक्याबरोबर फिरत राहतो. अपराधाची जाणीव जेथे उमटावी असा एकटा चेहरा तो सहसा वेगळा काढीत नाही. बार्देमचा सारा भर मात्र अशाच चेहऱ्यांवर आहे.

तथापि या रचनेत एक उणीव राहते. नावे सांगावीत की सांगू नयेत, हा पेच सबंध संहितेत एकट्या आनंदच्या वाट्याला येतो. इतरांना पेचच नाही. नैतिक नाट्याची शक्यता जेथे सर्वाधिक होती, तेथून एकांकिका घाईने पुढे जाते. आनंद बळी म्हणून ठसतो, निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून नाही. समूहाचे शास्त्र मांडण्याच्या ओढीने नाटककाराने व्यक्तीची किंमत मोजली आहे, असे म्हणावे लागते.

ही बाकी पुढे ‘आत्मकथा’मध्ये (१९८८) चुकती होताना दिसते. तेथे घोळका नाही. वृद्ध लेखक राजाध्यक्ष आहेत, उत्तरा आणि वासंती या बहिणी आहेत आणि आत्मचरित्र ऐकून घेणारी तरुण प्रज्ञा आहे. बार्देमच्या नायकाला कबुलीपूर्वीच प्रेयसी मोटारीखाली चिरडते; त्याचे सत्य अनुच्चारित, म्हणून अखंड राहते. राजाध्यक्षांना बोलण्यासाठी अवधी भरपूर आहे. परंतु भाषेवर हुकमत असलेला माणूस कबुली देऊ लागला की कबुलीचेच साहित्य होऊ लागते, आणि प्रज्ञा नेमके तेथेच त्यांना अडवते.