बार्लो भिंग आणि ५२५ पटींचे आमिष

शाळेसाठी दुर्बीण घ्यायची म्हटले की खोक्यावर ठळक छापलेला ‘५२५ पट’ हा आकडा भुरळ घालतो. तो येतो कुठून आणि तो मिळवून देणारे बार्लो भिंग नेमके काय करते, हे तपासून पाहू.

अशा लहान दुर्बिणीच्या वस्तुभिंगाचा व्यास बहुधा ६० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असते. सोबत ४ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे आयपीस, मिळते. ७०० ला ४ ने भागले की विशालन १७५ पट. त्यावर तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले की झाले ५२५! गणित बिनचूक आहे. फसगत होते ती पुढेच.

बार्लो भिंग हे अंतर्वक्र असते. इंग्लंडमध्ये वूलिच येथील लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या पीटर बार्लो यांचे नाव त्याला मिळाले. १८३० च्या दशकात त्यांनी ते पुढे आणले. किरण नाभीपाशी एकत्र येण्याआधी हे भिंग त्यांना किंचित फाकवते. त्यामुळे ते आणखी पुढे जाऊन एकत्र येतात. दुर्बिणीचे नाभीय अंतर जणू वाढते आणि प्रतिमा मोठी होते.

प्रकाश मात्र तेवढाच राहतो. प्रतिमा तिप्पट केली की तोच प्रकाश नऊपट क्षेत्रावर पसरतो आणि ग्रहाचे बिंब फिके पडते. तपशिलाचेही तसेच. विवर्तनामुळे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला सुमारे २ विकलांहून बारीक काही वेगळे दाखवता येत नाही. वर्गात वर्तमानपत्रातले छायाचित्र हातभिंगाखाली धरून पाहा: ठिपके मोठे होतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही. म्हणूनच व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट, म्हणजे येथे १२० पट, ही व्यवहारातली मर्यादा मानतात. शिवाय ५२५ पटींना दृश्यक्षेत्र इतके आक्रसते की पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह साधारण २० सेकंदांत बाहेर सरकतो. त्यात तिवई डगमगती असेल, तर तो सापडणेही कठीण.

मग बार्लो भिंग टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. दुप्पट करणारे चांगले बार्लो आणि २० व १२.५ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका घ्या. ३५, ५६, ७० आणि ११२ अशी चार विशालने मिळतात आणि चारही मर्यादेत बसतात. २० व १० ची जोडी घेतली, तर ७० पट दोनदा येते आणि १४० पट मर्यादेबाहेर जाते. दुसरा लाभ चष्मा असणाऱ्यांचा. ४ मिलिमीटरच्या साध्या नेत्रिकेला डोळा जवळजवळ चिकटवावा लागतो. जास्त नाभीय अंतराची नेत्रिका बार्लोसह वापरली तर ती अडचण टळते.

गुरू जवळ असताना त्याचे बिंब सुमारे ४५ विकलांचे असते. केवळ ४० पटींना ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढे भासते. एवढ्यावर मुले त्याचे चार मोठे उपग्रह सहज मोजू शकतात. त्याऐवजी ५२५ पटींचा थरथरणारा धूसर डाग दाखवला, तर आकाशात पाहण्यासारखे काही नसते, असाच त्यांचा समज होईल. तेव्हा दुर्बीण घेताना पटींचा आकडा बाजूला ठेवून आधी वस्तुभिंगाचा व्यास विचारावा आणि तिवई हलवून पाहावी.