देवलांचा तक्ता आणि नसलेला रकाना

बिनपडद्याची बेस गिटार पहिल्यांदा हातात घेतली की बोट नेमकं कुठं ठेवायचं तेच कळत नाही. मित्राकडची वाजवून बघितली, माझा गंधार दर वेळी वेगळा! पडदे नसले की दोन सुरांमधली सगळी जागा मोकळी. मग त्या जागेत सूर किती?

हाच प्रश्न आमच्या आष्ट्याजवळ, सांगलीत, कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी हाती घेतला होता. ('शारदा'कार गोविंद बल्लाळ यांचे हे भाऊ.) १९१० साली त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. सूर पडताळायला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. ग्रंथातल्या श्रुती जिवंत गायकाकडं नेऊन तपासायच्या, हे धाडस मला आजही मोठं वाटतं.

आता माझी तक्रार. नाट्यशास्त्रात श्रुती बावीस आहेत, पण गुणोत्तरं नाहीत. तिथं दोन वीणा कानानं जुळवायच्या आहेत. देवलांच्या तक्त्यात मात्र प्रत्येक श्रुतीला एकच गुणोत्तर. षड्ज २४० हर्ट्झ धरा. ५/४ चा गंधार ३०० वर येतो, ८१/६४ चा ३०३.७५ वर. फरक साधारण २२ सेंट. ९० सेंमी तारेवर पहिला ७२ सेंमीला, दुसरा ७१.१ ला. म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर! बीएस्सीच्या सोनोमीटरवरसुद्धा हे दिसतं. तेव्हा उपकरण कच्चं होतं असं म्हणून सुटता येत नाही.

अडचण गळ्याची आहे. मींडेत, आंदोलनात सूर थांबतच नाही, आणि तोच गायक तोच गंधार दुसऱ्यांदा जरा वेगळा लावतो. तक्त्यात हा फरक नोंदवायला रकानाच नाही. त्यात गुणोत्तर आधीच मनात असेल तर कान त्याच्याकडंच झुकणार, माझाही झुकला असता. १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून स्वर मोजले, तेव्हा कलाकाराकलाकारांत बराच फरक निघाला.

पण देवलांना हसण्यात अर्थ नाही. उतरत्या मांडणीत चूक कुठं हे आपण दाखवू शकतो, कारण त्यांनी आकडे छापले. नुसतं 'श्रुती ही अनुभवाची गोष्ट' म्हणणाऱ्यांची चूक दाखवताच येत नाही.

पुढं आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांनी हीच गुणोत्तरं घेऊन श्रुतींची पेटी करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला. मला ते साहजिक वाटतं. पेटीची पट्टी एकदा जुळवली की तिथंच. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, आणि वाजवणारा राग बदलला की ते अंगठ्यानं जरासे सरकवून घेतो.