जबानी आणि कादंबरी : मेडोज टेलरचा अमीर अली

बिदर-कलबुर्गी भागात फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) हे नाव मुख्यतः सुरपूर संस्थानाशी जोडले जाते. हे गाव पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होते, आता ते यादगीर जिल्ह्यात आहे. टेलरचा तेथील बंगला ‘टेलर मंझिल’ म्हणून ओळखला जातो. परंतु १८४१ साली सुरपूरला येण्यापूर्वीच तो लेखक म्हणून गाजला होता, तो १८३९ मध्ये लंडनला तीन खंडांत निघालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे.

निजामाच्या चाकरीत टेलरने तुळजापूर भागात पोलिसी काम पाहिले होते. १८३२ मध्ये सागरहून निजामाच्या मुलखात पाठवलेल्या माफीच्या साक्षीदारांपैकी अमीर अलीशी त्याची ओळख झाली. प्रस्तावनेत टेलर म्हणतो की, कथा जवळजवळ सर्व खरी आहे, कल्पना केवळ घटना जोडण्यापुरती आली आहे. अमीर अलीने ७१९ खुनांत आपला हात असल्याचे कबूल केले व इतर साक्षीदारांनी त्यास दुजोरा दिला, असेही तो नोंदवतो.

हा दावा जसाच्या तसा मान्य करता येत नाही. जबानी देणारा स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बोलत होता. जितके अधिक सांगावे तितका तो सरकारच्या उपयोगाचा. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. अशा वेळी साक्षीदाराच्या शब्दाला केवढे वजन आले असेल! त्याच वर्षी स्लीमनचा ‘रामसीआना’ प्रसिद्ध झाला. त्यात अनेक साक्षीदार बोलतात, वाद घालतात, एकमेकांना खोडूनही काढतात. टेलरने ही अनेक तोंडे मिटवून एकच अखंड आवाज ठेवला. कादंबरीतील सर्वांत मोठी कल्पना हीच होय, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

लक्ष जाते ते बहिणीच्या प्रसंगाकडे. अमीर अली अजाणता सख्ख्या बहिणीचा गळा आवळतो व तिच्या गळ्यातील जुन्या नाण्यावरून त्याला ते पुढे कळते. हा योगायोग फार सोयीचा आहे. कायद्याने दिली नाही ती शिक्षा येथे लेखक देतो, आणि कथा तेवढी हलकी होते.

याउलट जेथे अमीर अली पश्चात्तापाशिवाय, कसबी कारागिराच्या अभिमानाने बोलतो, तेथे टेलरची खरी ताकद दिसते. इंग्रजी वाक्याखाली हिंदुस्थानी बोलीचा अदब ऐकू येतो. सोठा, भुर्तोट, लुघा हे टोळीतले हुद्दे तो भाषांतर न करता वापरतो. नमाज पढणारा हा माणूस भवानीचा शकुनही पाळतो. इंग्रज वाचकाने यातून ‘धर्माज्ञेने होणारा खून’ एवढाच अर्थ घेतला. कादंबरीत लुटीचा लोभ आणि पोटापाण्याचा हिशेबही तितकाच आहे. वर्गात शिकवताना तो भाग गाळू नये.

नवाब सब्जीखानाचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. भांग पिणारा, गप्पिष्ट, उमदा असा हा वृद्ध सरदार ठगांबरोबर मुक्काम करतो आणि वाचकालाही आवडू लागतो. त्याच्या खुनाचा इशारा होईपर्यंत टेलर त्याला भरपूर बोलू देतो. सरकारी जबानीत मेलेल्याच्या वाट्याला बहुधा एक ओळ येते.