इशारा की दोष? डेटाबेसमधील एका सीमारेषेची चिकित्सा

डेटाबेसने प्रोग्रामरला आपल्या कार्याचा निकाल कोणत्या संकेतांनी कळवावा, हे एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणाने ठरवून दिले. पाच चिन्हांच्या या संकेतात पहिली दोन चिन्हे वर्ग दाखवितात: ०० म्हणजे यश, ०१ म्हणजे इशारा, २२ म्हणजे माहितीविषयक दोष. मजकूर उजवीकडून तुटणे या एकाच घटनेला मात्र येथे दोन संकेत आहेत: ०१००४ व २२००१. ही पुनरुक्ती नव्हे. मजकूर वाचताना तुटला तर मूळ नोंद अभंग राहते, म्हणून इशारा पुरेसा. साठविताना तुटला तर तो कायमचा जातो, म्हणून तो दोष. सीमारेषा घटनेवरून नव्हे, तर हानी भरून येण्याजोगी आहे की नाही, यावरून आखलेली आहे.

मायएसक्यूएलने ही रेषा दीर्घकाळ पाळली नाही. तिच्या शिथिल पद्धतीत, आठ वर्णांच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ हा शब्द घातला असता ‘महाराष्ट’ एवढाच साठविला जातो. कारण तेथे अक्षरे मोजली जात नाहीत, तर काना, हलन्तचिन्ह इत्यादी धरून दहा संकेतचिन्हे मोजली जातात. पुढील वाचकास ही लेखकाची लेखनचूक वाटावी, इतके ते रूप स्वाभाविक दिसते. आज्ञा मात्र यशस्वी ठरते व केवळ एक इशारा नोंदला जातो. प्रोग्राममधील दोष पकडण्याची योजना अशा वेळी जागी होत नाही. इशारा मुद्दाम विचारावा लागतो, आणि दुसरी आज्ञा सुटताच पहिलीचा इशारा पुसला जातो.

२००५ च्या ५.० आवृत्तीत कठोर पद्धत आली. २०१५ च्या ५.७ पासून ती मूलतःच लागू झाली. हा बदल स्वागतार्ह होय. तथापि तो पूर्ण नाही. पुनरावृत्त नोंदी वगळण्यासाठी प्रोग्रामर ‘इन्सर्ट इग्नोर’ ही आज्ञा लिहितात. ती कठोर पद्धतीतही दोषाचा इशारा करते, आणि तुटलेला मजकूर पुन्हा निमूटपणे आत जातो.

ज्या इशाऱ्याला श्रोता नाही, तो संप्रेषणदृष्ट्या मौनच होय. म्हणून साठवणीच्या प्रत्येक आज्ञेनंतर इशाऱ्यांची संख्या तपासणे, हा प्रोग्रामरच्या आवडीनिवडीचा प्रश्न नसून नोंदीतील शब्दाविषयीचे त्याचे कर्तव्य आहे.